अण्णांच्या ट्रंकेतलं कात्रण : स्क्वाड्रन लीडर राजेश पायलट

होटगी_रोड
१२ जून, रात्री ९.४०

काल ११ जून होता. या तारखेला आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, पलंगाखालची काळी पत्र्याची ट्रंक ओढून काढायचे. हवाई दलातली ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा सर्व्हिस नंबर. आत डिस्चार्ज बुक, पॅकेट या मालवाहू विमानासमोर काढलेला ग्रुप फोटो, नट आवळायचे दोन पाने आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण. कात्रण १२ जून २०००चं. आदल्या दिवशी राजस्थानात दौशाजवळ रस्ता अपघातात काँग्रेसचे नेते आणि माजी केंद्रीय मंत्री राजेश पायलट गेले, त्याची बातमी. अण्णा ते उलगडायचे, चष्मा लावून पूर्ण वाचायचे आणि पुन्हा त्याच घडीवर घडी घालून ठेवायचे. तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले. आता ट्रंक माझ्याकडे आहे, आणि काल ते काम मी केलं.

अण्णा त्यांना कधीच भेटले नव्हते. अण्णा १९६३ ते १९७८ अशी पंधरा वर्षं हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा तपासणारे-दुरुस्त करणारे कारागीर होते. राजेश पायलट साधारण त्याच काळात अधिकारी. एकाच दलाचा गणवेश घातला, यापलीकडे ओळख नाही. तरी अण्णा त्यांचा उल्लेख "आपले पायलट साहेब" असाच करायचे. लहानपणी मला वाटायचं की हे अण्णांचे साहेबच असणार. पुढे कळलं की पायलट हे त्यांचं आडनावसुद्धा जन्माचं नव्हतं.

मूळ नाव राजेश्वर प्रसाद बिधुरी. जन्म १० फेब्रुवारी १९४५, उत्तर प्रदेशातलं वैदपुरा गाव, आजच्या ग्रेटर नोएडाजवळ. गुर्जर शेतकरी घर. शिकायला म्हणून दिल्लीत आले ते चुलतभावाच्या डेअरीवर. गुरुद्वारा रकाबगंज रोडवरच्या एका सरकारी बंगल्याच्या मागच्या आवारात गोठा होता. पहाटे उठून म्हशींचं करायचं, धारा काढायच्या, मग मंत्र्या-खासदारांच्या बंगल्यांवर दुधाचा रतीब घालायचा आणि नंतर महानगरपालिकेच्या शाळेत जाऊन बसायचं. त्या मुलाला २९ ऑक्टोबर १९६६ रोजी हवाई दलात कमिशन, म्हणजे अधिकारीपद मिळालं. १९७१च्या युद्धात त्यांनी पूर्व पाकिस्तानवर उड्डाणं केली, बॉम्ब टाकले. स्क्वाड्रन लीडर झाले. आणि १९७९च्या अखेरीस, तेरा वर्षांच्या नोकरीनंतर, राजीनामा देऊन निवडणुकीला उभे राहायला निघाले.

तेरा वर्षांवर सोडणं म्हणजे काय, हे अण्णा आम्हाला बोटं मोजून सांगायचे. अधिकाऱ्याला पेन्शन लागू व्हायला वीस वर्षं भरावी लागतात, फिटरसारख्या खालच्या हुद्द्यांना पंधरा. म्हणजे पेन्शन नाही, क्वार्टर सोडायचं, घरी बायको आणि दोन लहान मुलं. अण्णांनी स्वतः पंधरा वर्षं भरली ती पेन्शनसाठीच, हे ते कधी लपवायचे नाहीत. म्हणून त्यांना या माणसाचा तो निर्णय फार मोठा वाटायचा.

त्यांना चौधरी चरणसिंग यांच्याविरुद्ध बागपतमधून लढायचं होतं. इंदिरा गांधींना भेटले. हवाई दल सोडू नका, असंच त्यांनी आधी सांगितलं, असं म्हणतात. बागपतच्या निवडणुकीत लाठ्या चालतात, हेही बजावलं. विमानातून बॉम्ब टाकलेत, लाठ्यांना कसला घाबरतो, अशा अर्थाचं उत्तर यांनी दिलं. शेवटी तिकीट मिळालं ते राजस्थानातल्या भरतपूरचं. तिथल्या कार्यकर्त्यांना निरोप गेला होता की "पायलट" येतोय, अर्ज भरून घ्या. राजेश्वर प्रसाद नावाचा माणूस पोचला तर लोक पायलटलाच शोधत राहिले. संजय गांधींनी सांगितलं, प्रतिज्ञापत्र करा आणि नावच राजेश पायलट लावा. जानेवारी १९८०मध्ये त्याच नावाने ते लोकसभेवर निवडून गेले. ज्या दिल्लीत बंगल्यांच्या मागच्या दाराने दूध पोचवलं, तिथेच खासदार म्हणून राहायला आले.

आपल्याकडे पाटील, कुलकर्णी, सुतार, लोहार ही कामावरून पडलेली आडनावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. यांनी आपल्या हयातीत, आपल्या हाताने कमावलेल्या कामाचं आडनाव लावलं आणि ते मुलाबाळांना दिलं.

अण्णांचा जीव मात्र वेगळ्या गोष्टीत अडकला होता. विमान उडण्याआधी फॉर्म ७०० भरतात. एअरफ्रेम, इंजिन, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, ज्या त्या ट्रेडचा माणूस आपलं काम तपासून सही करतो. शेवटची सही वैमानिकाची. ती झाली की विमान त्याच्या ताब्यात, पुढचं सगळं त्याच्या माथ्यावर. अण्णा म्हणायचे, "आमच्यासारख्या फिटरच्या सहीवर भरवसा ठेवून जो माणूस जीव हवेत नेतो, त्याला सहीची किंमत कळते." मंत्री म्हणून पायलट साहेबांनी केलेल्या सह्या अण्णा या नजरेनं बघायचे.

आणि मग कात्रण वाचून झालं की दरवर्षी तेच एक वाक्य. "युद्धातनं परत आलेला माणूस, अन् गेला कुठं तर रस्त्यावर. विमानात शेजारी को-पायलट असतो रे. जीपमध्ये नसतो."

काल हे म्हणणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून इथे लिहिलं. तुमच्यापैकी कुणाला त्यांची कारकीर्द आठवत असेल तर जरूर लिहा.

---

बाळीवेस
१२ जून, रात्री १०.१५

चांगला धागा काढलात. मला ते आठवतात १९९७च्या काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीमुळे. सोलापुरात तेव्हा सगळ्यांच्या तोंडी शरद पवारांचं नाव, कारण आपला माणूस. पवार विरुद्ध सीताराम केसरी एवढंच इथे बोललं जायचं. तिसरा उमेदवार राजेश पायलट होते, हे कुणाच्या लक्षातही नसायचं. आकडे मला पाठ आहेत : केसरी ६२२४, पवार ८८२, पायलट ३५४.

एवढी कमी मतं पडणार हे त्यांना कळत नसेल असं नाही. पक्षात अध्यक्ष निवडणुकीने ठरावा, नुसत्या होकाराने नाही, म्हणून कुणीतरी अर्ज भरायला लागतो. पवारांच्या मागे निदान महाराष्ट्र होता. यांच्या मागे अख्खं राज्य असं नव्हतं. मला त्या ३५४ मतांचं तेव्हाही कौतुक वाटलं होतं.

---

स्नेहल_सातरस्ता
१२ जून, रात्री १०.५२

तुमचा तो रतिबाचा परिच्छेद वाचून थांबले आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवला.

माझ्या वडिलांनी बावीस वर्षं रतीब घातला. गाव होटगीच्या पुढे, चार म्हशी. पहाटे तीनला उठायचे, साडेपाचला सायकलला दोन्हीकडे कॅन लावून निघायचे. रेल्वे लाइन्समधले बंगले, मग सात रस्ता, मग आसरा चौकाकडून परत. सुट्टी लागली की मी कॅरिअरवर बसून जायची. बंगल्यांना पुढचं फाटक असतं आणि मागचं असतं. आमचं मागचं. स्वयंपाकघराच्या पायरीवर पातेलं ठेवलेलं असायचं, त्यावर ताटली आणि ताटलीवर दगड, मांजरासाठी. अर्धा लिटरचं माप दोनदा ओतायचं, वर थोडी धार. कुणी चांगलं बोलायचं, कुणी दुधात बोट बुडवून बघायचं.

आत काय आहे हे मागच्या दारातून अर्धवट दिसतं. टेबलावरची पुस्तकं दिसायची, भिंतीवरचा मोठा नकाशा दिसायचा. मला त्या नकाशाची ओढ होती. आज मी शाळेत भूगोल शिकवते ती कदाचित त्यामुळेच.

म्हणून त्या मुलाचा मी विचार करतेय. तो ज्यांना दूध घालत होता ते देश चालवणारे लोक होते. रोज सकाळी त्या घरांच्या पायऱ्या चढायच्या, आणि तासाभराने शाळेत जाऊन, अंगाला शेणादुधाचा वास असताना बाकावर बसायचं. तो वास मला ठाऊक आहे. साबणानं जात नाही. पोरं नाक धरतात. त्यातून शिकून वैमानिक होणं किती अवघड असेल, ते रतीब घातलेल्या घरालाच कळेल.

आई म्हणाली, त्यांच्या आईला काय वाटलं असेल.

---

विजापूर_वेस
१२ जून, रात्री ११.३०

माहिती म्हणून विचारतो, राग मानू नका. मिझोराममध्ये ऐझॉल शहरावर हवाई दलाने बॉम्ब टाकले होते, त्यात राजेश पायलट आणि आपल्या पुण्याचे सुरेश कलमाडी होते असं मी मोबाइलवर खूप वेळा वाचलंय. ते खरं असेल तर त्यांच्याबद्दल लिहिताना तेही यायला हवं.

---

होटगी_रोड
१३ जून, सकाळी ७.०५

राग कशाला? विचारलंत ते बरं केलं. अण्णांच्या आयुष्यात हा दावा आला असता तर त्यांनी तारखांवरच बोट ठेवलं असतं.

मिझो नॅशनल फ्रंट या बंडखोर संघटनेचा उठाव २८ फेब्रुवारी १९६६चा. ऐझॉलवर हवाई हल्ला ५ मार्च १९६६ला झाला. आणि राजेश पायलट यांचं कमिशन २९ ऑक्टोबर १९६६चं. मधे जवळजवळ आठ महिने आहेत. मार्चमध्ये ते अजून अधिकारीच झालेले नव्हते. २०२३च्या ऑगस्टमध्ये हा दावा राजकारणात फार फिरला, तेव्हा त्यांचे चिरंजीव सचिन पायलट यांनी कमिशनचं प्रमाणपत्रच लोकांपुढे ठेवलं. वडिलांनी बॉम्ब जरूर टाकले, पण ते १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानवर, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

ज्याच्या नावावर जे नाही ते घालू नये.

---

कंबर_तलाव
१३ जून, सकाळी ९.२०

वरच्या उत्तराला जोड देतो. ऐझॉलवर गेलेली विमानं तूफानी आणि हंटर होती, म्हणजे लढाऊ. तिथल्या लोकांनी ते दिवस विसरलेले नाहीत आणि विसरावेत असं कुणी म्हणूही नये. शहर जळालं होतं. मिझो करार झाला तो थेट ३० जून १९८६ला, वीस वर्षांनी. त्या दुःखाची आठवण ठेवायची तर निदान माणसं आणि तारखा तरी खऱ्या असाव्यात.

१९७१बद्दल थोडं, कारण लोकांना वाटतं बॉम्ब म्हणजे फक्त लढाऊ विमान. त्या युद्धात मालवाहू विमानांनाही बॉम्ब लावून रात्री पाठवलं होतं. पश्चिमेला अँटोनोव्ह-१२ विमानांनी पाकिस्तानातल्या छांगा मांगाच्या जंगलातल्या दारूगोळ्याच्या साठ्यावर मारा केला. पूर्वेला कॅरिबू विमानं रात्रीची गेली. या विमानांना ना वेग, ना बंदुका. पोटातून सामान उतरवायची विमानं ती. ११ डिसेंबरला पूर्व पाकिस्तानातल्या टांगाइलला छत्रीधारी सैनिक उतरवले तेही अशाच विमानांच्या ताफ्यानं, आणि पाच दिवसांनी ढाका पडलं.

होटगी_रोड, तुमचे वडील पॅकेटवर होते म्हणालात. ते पाठीवर जादा जेट इंजिन बसवलेलं विमान ना?

---

होटगी_रोड
१३ जून, सकाळी ९.४८

हो, तेच. दोन शेपट्या आणि पाठीवर ऑर्फियस जेट. नेफातल्या (आजच्या अरुणाचलातल्या) डोंगरात दोन पंख्यांचा जोर अपुरा पडायचा म्हणून ते बसवलं होतं. तांदूळ, मीठ, रॉकेल, डाळ, सगळं हवेतून चौक्यांवर टाकायचं. अण्णा सांगायचे, ढग उतरले की दऱ्या बुजून जातात, आणि गेलेलं विमान परत येईपर्यंत ग्राउंड क्रूपैकी कुणी जेवत नाही. सही आपली असते ना.

---

जुना_चालक
१३ जून, दुपारी ३.१०

मी एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हरकी केली. सोलापूर डेपो. लिहायची सवय नाही, नातू टाइप करतोय, मी सांगतोय.

तुमच्या वडलांचं ते को-पायलटचं वाक्य नातवानं वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं.

राजेश पायलट मला माहीत आहेत ते भूपृष्ठ वाहतूक खात्याचे मंत्री म्हणून. आमच्या लायसनवर, परमिटवर, सगळ्यावर ज्याचं राज्य तो मोटार वाहन कायदा १९८८चा. खातं त्यांच्याकडे असताना तो झाला, आणि १ जुलै १९८९पासून लागू झाला. त्याआधी १९३९चा, इंग्रजांच्या वेळचा कायदा चालायचा. आम्ही तेव्हा डेपोत नवीन कलमांची नावं पाठ केली होती. हेल्मेटचं कलम १२९, ते त्यातलंच. आज पोरं सात रस्त्याला पोलीस दिसला की हेल्मेट घालतात आणि पुढं गेलं की काढून आरशाला अडकवतात, त्यांनी हे कलम कशापायी केलं ते कधी विचारलं नाही.

आता रस्त्याचं सांगतो. सोलापूर-पुणे रस्ता चौपदरी नव्हता तेव्हाची गोष्ट. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण. रात्रीची गाडी. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरून ट्रकचा लाइट डोळ्यावर आला की ट्रॉली दिसतच नाही, ऊस काचेपाशी आल्यावर कळतं. माझ्या बरोबरचे दोघं असे गेले. मी वाचलो ते एवढ्यासाठीच की डोळ्यावर झापड आली की मी गाडी बाजूला घ्यायचो. पॅसेंजर शिव्या द्यायचे, देऊ देत. तोंड धुवायचं, दहा मिनिटं चालायचं, मग निघायचं.

मोटार कामगाराला दिवसाचे आठ तास, हे १९६१च्या कायद्यात आहे. पाळतात किती ते सोडा, पण कागदावर आहे. पुढाऱ्याला तसा कायदा नाही. पहाटे एका गावात, दुपारी दुसऱ्या, रात्री तिसऱ्या. लग्न, मयत, सभा, कुणालाच नाही म्हणता येत नाही. त्या दिवशी पायलट साहेब स्वतः गाडी चालवत होते, दौशाकडून जयपूरला निघालेले, विमान गाठायचं होतं. समोरून बस. भंडाना गाव. वय ५५. मी बस चालवणारा माणूस आहे, म्हणून त्या बसच्या ड्रायव्हरचाही विचार माझ्या मनात येतो. दोन्हीकडची स्टिअरिंग धरणारी माणसं. चूक कुणाची ते मी इथं बसून सांगणार नाही.

पण स्वतः गाडी चालवणारा पुढारी मला आवडायचा. ज्याला स्वतः चालवता येतं त्याला रस्ता कळतो. मागच्या सीटवर झोपून जाणाऱ्याला खड्डा कळत नाही.

आपल्याकडे गोपीनाथराव मुंडे गेले तेव्हाही मला हेच सगळं आठवलं. ३ जून २०१४, दिल्लीत, केंद्रात मंत्री होऊन आठ-नऊ दिवस झाले होते. मागच्या सीटवर होते. तेव्हा मागच्या सीटच्या बेल्टवर देशभर चर्चा झाली. किती दिवस टिकली?

---

स्नेहल_सातरस्ता
१३ जून, दुपारी ४.३०

काका, तुमच्या नातवाला सांगा, असंच सगळं टाइप करून ठेव. हे कुठे छापून येत नाही.

---

बाळीवेस
१३ जून, सायंकाळी ६.००

काकांनी अपघाताचं लिहिलं त्यावरून आठवलं. ज्या संजय गांधींनी त्यांना पायलट हे नाव लावायला सांगितलं, ते त्यानंतर काही महिन्यांतच गेले. २३ जून १९८०, दिल्लीत, स्वतः विमान चालवताना. हा जून महिना त्या पिढीला फार कठीण गेला.

---

रूपाभवानी_रोड
१३ जून, रात्री ८.१५

मी जरा वेगळं बोलतो. माणूस गेल्यावर सगळं चांगलंच बोलायचं ही आपली रीत आहे, पण मंत्री म्हणून मोजायचं तर काम मोजावं. राजेश पायलट मोठ्या खात्यांवर होते, पण बहुतेक वेळ राज्यमंत्री म्हणून. दळणवळण १९९१ ते ९३, मग गृहखात्यात अंतर्गत सुरक्षा, मग पर्यावरण. कुठेच पाच-सात वर्षं सलग बसून काही उभं केलं असं दिसत नाही. महत्त्वाकांक्षा मोठी होती आणि पक्षात त्यांची घुसमट होत होती, हेही खरं. आपल्या सुशीलकुमार शिंद्यांकडे बघा. सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला, मग पोलीस सबइन्स्पेक्टर, १९७४ला करमाळ्यातून आमदार. त्यांनी वाट पाहिली आणि मुख्यमंत्री, राज्यपाल, ऊर्जामंत्री, २०१२ला देशाचे गृहमंत्री झाले. धीर धरला की होतं.

---

होटगी_रोड
१३ जून, रात्री ९.३०

शिंदे साहेबांबद्दल तुम्ही म्हणता ते मान्यच आहे. ज्या गावातल्या कोर्टात पट्टा लावून उभं राहिलं, त्या गावानं पुढे गृहमंत्री म्हणून त्यांचं स्वागत पाहिलं. अण्णा या दोघांची नावं एका दमात घ्यायचे. एक दूधवाला मुलगा आणि एक पट्टेवाला मुलगा. दोघेही गणवेश घालून पुढे आले आणि दोघांनीही तो उतरवून ठेवायचं धाडस केलं.

धिराबद्दल मात्र मी सहमत नाही. राजेश पायलट यांना वाट पाहायला पुरेसं आयुष्यच मिळालं नाही. शिंदे साहेब ५५ वर्षांचे होते तेव्हा तेही अजून मुख्यमंत्री झालेले नव्हते. तुलना करायची तर तिथपर्यंतच करायला हवी.

आणि कामाचं म्हणाल तर एक सही सांगतो. १९९५, चंद्रास्वामी. ज्यांना तो काळ माहीत नाही त्यांच्यासाठी : दिल्लीच्या राजकारणातले फार वजनदार स्वामी. पंतप्रधानांच्या जवळचे समजले जायचे, त्यांच्या दारात मोठमोठे लोक उभे असायचे, आणि त्यांच्याविरुद्ध फसवणुकीचे आरोप वर्षानुवर्षं पडून होते. अंतर्गत सुरक्षा खातं पायलट यांच्याकडे होतं. त्यांनी या माणसाच्या अटकेचे आदेश दिले. थोड्याच दिवसांत त्यांचं खातं बदललं, पर्यावरण मिळालं. पुढे १९९६ला चंद्रास्वामींना अटक झाली.

ती बातमी आली तेव्हा मी कॉलेजात होतो. अण्णा गिरणीतून आले, सायकल भिंतीला लावली आणि चहा न घेता पेपर वाचत बसले. मग म्हणाले, "विमान नीट नाही असं लिहून देणारा फिटर कुणाला नको असतो. त्याच्यामुळे उड्डाण थांबतं. पण त्याच्यामुळेच माणसं घरी येतात." हे त्यांनी स्वतः केलेलं होतं. एकदा एका विमानाच्या शेपटीच्या जोडावर त्यांना केसासारखी चीर दिसली. वरून घाई होती. अण्णांनी सही केली नाही. दोन दिवस विमान जमिनीवर आणि यांना सगळ्यांची बोलणी. तिसऱ्या दिवशी भाग काढला तेव्हा चीर आत हातभर गेलेली निघाली.

मंत्र्याचं काम पाच वर्षांत किती पूल बांधले त्यावर मोजतात, मोजावंच. पण न घाबरता लिहून दिलेला एक आदेशही कामातच धरावा असं मला वाटतं.

---

रूपाभवानी_रोड
१३ जून, रात्री १०.०२

चिरेची गोष्ट पटली. ५५ वर्षांचा मुद्दाही पटला, मी तसा विचार केला नव्हता. चंद्रास्वामी प्रकरण मी विसरलो होतो.

---

पंखवेडी
१४ जून, सकाळी ८.४०

मी बारावीला आहे, भौतिकशास्त्र आणि गणित घेतलंय. आमचं घर होटगी रोडलाच आहे. सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं, ९ जून २०२५ला, तेव्हापासून मी गच्चीवर जाऊन बघते. त्याआधी मी विमानांना अडथळा होते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची धुराची चिमणी पाडली तेही पाहिलंय, १५ जून २०२३. तेव्हा आमच्या वर्गात निम्मी मुलं चिमणीसाठी हळहळत होती, कारण त्यांच्या घरचे सभासद. माझी आजी पण रडली होती. आजोबांचा ऊस तिथेच जायचा.

मला हवाई दलात वैमानिक व्हायचंय. घरी म्हणतात आपल्यात कुणी गेलं नाही. राजेश पायलट यांचं वाचून मी बाबांना दाखवलं. मुलींना आता काय काय वाटा आहेत, इथे कुणी सांगेल का?

---

कंबर_तलाव
१४ जून, सकाळी १०.१०

बाळ, तुझ्या विषयांनी वाटा मोकळ्याच आहेत. बारावीनंतर एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षा, मुलींना २०२२च्या तुकडीपासून तिथे प्रवेश आहे. ते नाही जमलं तर पदवीनंतर एएफकॅट, हवाई दलाची प्रवेश परीक्षा. कॉलेजला एनसीसीची एअर विंग मिळाली तर 'सी' सर्टिफिकेटवर वेगळा प्रवेश असतो. लढाऊ विमानांवर मुली २०१६पासून आहेत, १८ जूनला पहिल्या तिघींना कमिशन मिळालं.

दोन गोष्टी आत्ताच करून घे. डोळे तपास आणि उंची नीट मोज, फ्लाइंगसाठी १६२.५ सेंटिमीटर लागते. आणि वैमानिक निवडीची संगणकावरची जी चाचणी असते ती आयुष्यात एकदाच देता येते, त्यामुळे अर्धवट तयारीनं जायचं नाही.

बाबांना सांग, राजेश पायलट यांच्या घरात पुढे सचिन पायलट केंद्रात मंत्री असताना २०१२ला प्रादेशिक सेनेत अधिकारी झाले. पण वैदपुऱ्यातल्या त्या घरातून विमानापर्यंत पहिल्यांदा गेला तो दूध घालणारा मुलगाच.

---

जुना_चालक
१४ जून, दुपारी १२.३०

पोरीला सांगा, रोज सकाळी पळत जा. दम लागतो का बघ. बाकी सगळं त्यानंतर.

---

होटगी_रोड
१४ जून, दुपारी २.२०

पंखवेडी, आपण एकाच रस्त्यावर राहतो की. अण्णांकडे पॅकेट विमानाच्या हाताने काढलेल्या आकृत्यांची एक वही आहे. पंखाचे भाग, शेपटी, कंट्रोल केबल कुठून कुठे जातात, सगळं निळ्या शाईनं, मराठी-इंग्रजी मिसळून लिहिलेलं. मी बँकेत नोकरी केली, मला त्यातलं फार कळत नाही. ट्रंकेत राहून तिला कसर लागायला नको. आई-बाबांना घेऊन ये, रविवारी संध्याकाळी मी घरी आहे. वही घेऊन जा, जपून वाच, पुढच्या ११ जूनला आणून दे. कात्रणही दाखवीन.

जुना_चालक काका, तुम्हीही या. नातवाला आणा.

---

पंखवेडी
१४ जून, दुपारी २.५५

येते काका. बाबा हो म्हणाले.